इनेस द कास्त्रो: मुकुटाची दंतकथा आणि राजाची शपथ

चौदाव्या शतकातल्या पोर्तुगालच्या पेद्रो आणि इनेस यांची कथा बहुतेक जण शेवटाकडून सांगू लागतात. राजा झाल्यावर पेद्रोने आपल्या खून झालेल्या प्रेयसीचे प्रेत थडग्यातून काढले, त्याला राजवस्त्रे चढवली, मुकुट घालून सिंहासनावर बसवले आणि दरबारातील एकूणएक सरदाराला त्या हाताचे चुंबन घ्यायला लावले, हा तो शेवट. चित्रकारांनी तो रंगवला, नाटककारांनी तो रंगभूमीवर आणला आणि आता समाजमाध्यमांवर तो अधूनमधून नव्याने फिरत असतो. अडचण एवढीच की असे काही घडल्याचा समकालीन पुरावा नाही. पेद्रोच्या कारकिर्दीचे इतिवृत्त लिहिणारा फेर्नांव लोपिश हा तपशिलांचा भोक्ता होता. राजाने कोणाला कोणती शिक्षा दिली, कोणत्या कारणाने तो मध्यरात्री रस्त्यावर नाचला, हेसुद्धा त्याने टिपून ठेवले आहे. असा माणूस प्रेताच्या राज्याभिषेकासारखा प्रसंग हातचा सोडील हे पटत नाही. आणि त्याच्या ग्रंथात त्या प्रसंगाबद्दल अवाक्षर नाही.

या दंतकथेबद्दल माझी तक्रार अशी आहे की तिच्यामुळे पेद्रोने इनेससाठी खरोखर जे केले ते झाकले जाते. त्याने तिला राणी करण्याचा प्रयत्न केला तो शपथेने, साक्षीदारांनी आणि दगडाने. त्यातला दगड टिकला, शपथ टिकली नाही, आणि त्या न टिकलेल्या शपथेने पोर्तुगालचे राजघराणेच बदलून टाकले.

मला स्वतःला ही कथा भेटली ती लुईश द कामोंइशमुळे. हा कवी १५५३ मध्ये सैनिक म्हणून गोव्यात उतरला. त्याची छापून आलेली पहिली कविताही गोव्यातलीच आहे. गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात ती १५६३ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कामोंइशचा ब्राँझचा भव्य पुतळा आहे, आणि त्याच्यासमोर उभे राहिल्यावर या माणसाने नेमके काय लिहिले ते पाहावे, असे मला प्रथम वाटले. त्याच्या १५७२ च्या महाकाव्यात वास्को द गामा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीच्या राजाला आपल्या देशाचा इतिहास ऐकवतो, आणि त्या इतिहासात, लढायांच्या मधोमध, इनेस येते. मेल्यानंतर राणी झालेली अभागी स्त्री, अशी कामोंइशने तिची ओळख करून दिली आहे. ती प्रतिमा पुढे अनेकांनी शब्दशः घेतली. त्याआधी काय घडले होते ते मात्र कवितेपेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे.

प्रकरणाची सुरुवात होते ती एका दुसऱ्याच स्त्रीच्या अपमानापासून. पोर्तुगालशेजारच्या कास्तील राज्याचा राजा अल्फोन्सो अकरावा याने हुआन मानुएल या बलाढ्य सरदाराच्या कॉन्स्तान्सा नावाच्या मुलीशी ती अगदी लहान असताना लग्न केले, मग ते मोडून तिला तोरोच्या किल्ल्यात डांबले आणि पोर्तुगालचा राजा अफोन्सो चौथा याच्या मारिया या मुलीशी विवाह केला. मारियाच्याही वाट्याला सुख आले नाही, कारण अल्फोन्सोने लेओनोर द गुझ्मान या सरदारकन्येला उघडपणे जवळ ठेवले होते आणि तिच्यापासून झालेल्या मुलांना तो जहागिऱ्या वाटत होता. लेकीच्या या हालांमुळे संतापलेल्या अफोन्सोने जावयाला झोंबेल असा डाव टाकला. ज्या कॉन्स्तान्साला जावयाने टाकले होते, तिलाच त्याने आपल्या युवराजासाठी, म्हणजे पेद्रोसाठी, मागणी घातली. १३३६ मध्ये दोन्ही राज्यांत युद्ध पेटले, १३३९ मध्ये तह झाला आणि १३४० मध्ये कॉन्स्तान्सा अखेर पोर्तुगालात येऊ शकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सासरा आणि जावई सालादो नदीकाठी मुस्लिम फौजेविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढले. राजकारणात हे असेच चालते.

कॉन्स्तान्साच्या लवाजम्यात इनेस होती. गालिसियातील पेद्रो फेर्नान्देस द कास्त्रो या मातब्बर सरदाराची ती अनौरस मुलगी. घराणे मोठे, पण आई लग्नाची नव्हे. शिवाय कास्तीलचा राजा सांचो चौथा हा पेद्रोचा आईकडून आजोबा, तर इनेसचा आजीकडून पणजोबा लागत होता. चर्चच्या नियमांनुसार इतक्या जवळच्या नात्यात पोपच्या परवानगीशिवाय विवाह होत नसे. आपल्याकडे सगोत्र विवाहाला जसा मज्जाव असे, तसाच हा प्रकार. हा नात्याचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे सगळे भांडण त्याच्याभोवती फिरणार आहे.

पेद्रो आणि इनेस यांचे प्रेम लपून राहिले नाही. कॉन्स्तान्साने आपल्या लुईश या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी इनेसलाच धर्ममाता केले, असे परंपरा सांगते. धर्ममाता आणि मुलाचा पिता यांच्यात चर्चच्या दृष्टीने आध्यात्मिक नाते निर्माण होते आणि त्यांच्यातील संबंध हे महापाप ठरते. नवऱ्याला जाब विचारण्याची सोय नसलेल्या पत्नीने धर्मशास्त्राचाच आडोसा घेऊन घातलेला हा बांध होता, आणि तो किती हुशारीचा होता हे पाहून मला कॉन्स्तान्साविषयी फार वाईट वाटते. या कथेत सगळ्यांचे डोळे इनेसकडे लागलेले असतात. कॉन्स्तान्साला दोनदा नाकारले गेले याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ते बाळ अल्पायुषी ठरले आणि बांध फुटला.

१३४४ मध्ये अफोन्सोने इनेसला हद्दपार केले. ती सीमेपलीकडच्या आल्बुकेर्कच्या किल्ल्यात राहिली. (गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्कच्या घराण्याचे नाव याच गावावरून पडले आहे.) आता या किल्ल्याचा आणि अफोन्सो चौथ्याचा संबंध पाहिला की राजाच्या मनातील भीतीचे मूळ सापडते. आल्बुकेर्कचा पूर्वीचा धनी अफोन्सो सांचिश हा राजा दिनिशचा अनौरस मुलगा, म्हणजे अफोन्सो चौथ्याचा सावत्र भाऊ. वडील त्याचेच फाजील लाड करतात आणि गादीही त्यालाच देतील, या धास्तीने तरुण अफोन्सोने प्रत्यक्ष बापाविरुद्ध शस्त्र उपसले होते. ते यादवी युद्ध १३१९ पासून १३२४ पर्यंत धुमसत राहिले आणि राणी इझाबेलला, जी पुढे संत म्हणून पूजली गेली, नवरा आणि मुलगा यांच्यात मध्यस्थी करावी लागली. औरस वारस आणि लाडकी अनौरस संतती एकत्र नांदली की घर कसे पेटते, हे अफोन्सोला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ती आग त्याने स्वतः लावली होती.

१३४५ मध्ये फेर्नांदो या वारसाला जन्म दिल्यानंतर कॉन्स्तान्सा फार काळ जगली नाही. तिच्या मृत्यूनंतर पेद्रोने वडिलांची आज्ञा धुडकावून इनेसला परत आणले. दोघे काही वर्षे उत्तरेत राहिले आणि मग कोइंब्रात, मोंदेगो नदीच्या काठी, राणी इझाबेलने उभारलेल्या सांता क्लारा मठाशेजारच्या वाड्यात त्यांनी संसार थाटला. त्यांना चार मुले झाली. अफोन्सो लहानपणीच गेला, जुआंव, दिनिश आणि बियात्रिश ही तिघे जगली. पुन्हा लग्न कर, असा तगादा वडिलांनी लावला तेव्हा पेद्रोने ते टाळले. इनेसशी लग्न झाले आहे का, या प्रश्नाला मात्र त्या काळात त्याने होकार दिला नाही.

कोइंब्रातला तो झरा आणि त्यातून वाहत गेलेल्या प्रेमपत्रांची गोष्ट मी येथे विस्ताराने सांगत नाही. झऱ्यातील दगडांवरची लाली इनेसच्या रक्ताची आहे असे पर्यटकांना दाखवतात. ती एका प्रकारच्या शेवाळाची आहे.

प्रेम एवढेच कारण असते तर इनेस कदाचित वाचलीही असती. तिचे भाऊ फेर्नांदो आणि आल्वारो हे कास्तीलमधील बड्या सरदारांच्या वर्तुळात वावरणारे महत्त्वाकांक्षी लोक होते. कास्तीलमध्ये आता मारियाचा मुलगा पेद्रो, म्हणजे आपल्या पेद्रोचा भाचा, राज्य करत होता आणि त्याच्याविरुद्ध बंडाळी माजली होती. १३५४ मध्ये बंडखोरांनी पोर्तुगालच्या युवराजालाच कास्तीलच्या गादीवर हक्क सांगण्याची गळ घातली, आणि त्यामागे कास्त्रो बंधूंचा हात होता. युवराजाला मोह पडला. अफोन्सोने तो बेत मोडून काढला, पण त्याला जे दिसायचे ते दिसले. उद्या आपण डोळे मिटल्यावर कास्त्रो घराणे पेद्रोला कास्तीलच्या यादवीत ओढणार आणि फेर्नांदो या नातवाऐवजी इनेसच्या मुलांना पुढे करणार, अशी भीती त्याच्या सल्लागारांनी त्याच्या मनात पक्की बसवली.

या भीतीला शेजारी ताजे उदाहरण होते. अल्फोन्सो अकरावा मेल्यावर लेओनोर द गुझ्मानला कैद करून १३५१ मध्ये ठार मारण्यात आले, आणि त्यामागे राणी मारिया, म्हणजे अफोन्सोची मुलगी, होती असे मानले जाते. लेओनोरच्या मुलांपैकी एन्रिकेने पुढे १३६९ मध्ये आपल्या सावत्र भावाला, त्या कास्तीलच्या पेद्रोला, मारून गादी बळकावली. ते पाहायला अफोन्सो जिवंत नव्हता, पण त्याचा अंदाज चुकीचा नव्हता हे मान्य करावे लागते. मी त्याची वकिली करत नाही. एका निःशस्त्र स्त्रीला मारण्याचा निर्णय तो निर्णयच होता. मात्र तो संतापाच्या भरात घेतलेला नव्हता, सल्लामसलत करून घेतलेला होता, आणि माझ्या मते म्हणूनच तो अधिक भयंकर आहे.

सल्लामसलत मोंतेमोर येथे झाली आणि तेथून राजा कोइंब्राकडे निघाला. पेद्रो शिकारीला गेला होता. दिवस होता ७ जानेवारी १३५५. इनेसने मुलांना पुढे करून राजाची करुणा भाकली, राजाचे मन द्रवले, तो माघारी वळला, आणि मग सोबतच्या सरदारांनी कुरकुर केल्यावर 'तुम्हाला हवे ते करा' असे म्हणून त्याने हात झटकले, हा प्रसंग आपल्याला दीडशे वर्षांनंतरच्या लेखनातून मिळतो. जुन्या नोंदी इतक्या बोलक्या नाहीत. कोइंब्राच्या सांता क्रूझ मठातील नोंद एवढेच सांगते की राजा अफोन्सोच्या आज्ञेवरून दोना इनेसचा शिरच्छेद झाला. त्या काळी पोर्तुगालात वेगळी कालगणना चालत असल्यामुळे तिथे वर्ष १३९३ लिहिलेले आहे. शिरच्छेद ही सरदार घराण्यातील अपराध्याला द्यायची शिक्षा होती. म्हणजे कट्यारी घेऊन धावणारे मारेकरी हे नंतरच्या चित्रांतले. कागदावर तो राजाने दिलेला देहदंड होता. पेरो कोएल्यो, आल्वारो गोंसाल्विश आणि दियोगो लोपिश पाशेको ही तीन नावे या कृत्याशी कायमची जोडली गेली.

पेद्रोने बंड केले. कास्त्रो बंधूंना बरोबर घेऊन त्याने उत्तरेतला मुलूख लुटला आणि पोर्तू शहराला वेढा घातला, पण शहर पडले नाही. अखेर त्याची आई बियात्रिश मध्ये पडली आणि ऑगस्ट १३५५ मध्ये कानावेझिश येथे समेट झाला. बापाने मुलाला राज्यकारभारात मोठा वाटा दिला. मुलाने इनेसच्या मृत्यूशी संबंध असलेल्या सगळ्यांना क्षमा केल्याची शपथ घेतली. आपला मुलगा हा शब्द पाळणार नाही हे अफोन्सो ओळखून होता. मृत्यूपूर्वी त्याने त्या तिघांना देश सोडण्याचा सल्ला दिला आणि ते कास्तीलमध्ये आश्रयाला गेले. २८ मे १३५७ रोजी अफोन्सो वारला आणि पेद्रो गादीवर आला.

कास्तीलच्या पेद्रोलाही पोर्तुगालात पळालेले आपले शत्रू हवे होते. मामा-भाच्यांनी आपापल्या आश्रितांची अदलाबदल करण्याचे गुपचूप ठरवले. लोपिशच्या इतिवृत्तातला सर्वांत जिवंत भाग माझ्या मते येथे आहे, आणि त्याचा नायक एक लंगडा भिकारी आहे. धरपकड झाली त्या दिवशी पाशेको भल्या पहाटे शिकारीसाठी शहराबाहेर पडला होता. त्याला कोणी सावध करू नये म्हणून वेशींवर पहारे बसवण्यात आले. पाशेकोच्या घरी नेहमी भिक्षा मिळणाऱ्या त्या भिकाऱ्याने हे सगळे पाहिले आणि तो वेशीबाहेर पडू लागला. त्याला अडवण्याचे पहारेकऱ्यांच्या मनातही आले नाही. त्याने पाशेकोला गाठले, काय घडले ते सांगितले आणि एवढ्यावर न थांबता उपायही सुचवला: माझे फाटके कपडे अंगावर चढवा, पायी चालत निघा, आणि शेजारच्या आरागॉन राज्याकडे जाणारे खेचरवाले भेटतील त्यांच्यात मिसळा. पाशेकोने तसेच केले. तो आरागॉनला आणि तेथून फ्रान्सला निसटला, आणि पेद्रोच्या मृत्यूनंतर मायदेशी परतलाही. मरणाच्या वेळी पेद्रोला हा माणूस निर्दोष असल्याचे जाणवले आणि त्याने त्याची मालमत्ता परत करायला सांगितले, असे लोपिश नोंदवतो.

उरलेल्या दोघांना असा भिकारी भेटला नाही. त्यांना सांतारेंला आणून पेद्रोने एकाचे काळीज छातीकडून आणि दुसऱ्याचे पाठीकडून काढायला लावले, प्रेते जाळली, आणि हे सगळे तो जेवता जेवता पाहत होता. रक्तपाताचे वर्णन करायला एरवी न कचरणारा लोपिशसुद्धा येथे हात आखडता घेतो. त्याचा खरा आक्षेप मात्र क्रौर्यावर नाही. दिलेला शब्द मोडून आणि आश्रिताला विकून केलेल्या या अदलाबदलीमुळे राजाने आपली बरीच कीर्ती गमावली, असे तो स्वच्छ शब्दांत लिहितो. ज्याला काही जण न्यायी पेद्रो म्हणतात आणि काही जण क्रूर पेद्रो, त्याच्या आयुष्यातला हा व्यवहार कोणत्याही बिरुदात नीट बसत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १२ जून १३६० रोजी, कांतान्येदे या गावी, पेद्रोने धर्मग्रंथावर हात ठेवून शपथेवर जाहीर केले की सुमारे सात वर्षांपूर्वी ब्रागांसा येथे त्याने इनेसशी विधिवत लग्न केले होते. लग्न लावले ते त्या वेळी ग्वार्दा चर्चमध्ये अधिकारी असलेल्या आणि आता तेथील बिशप झालेल्या दों जिल यांनी. साक्षीला होता राजाचा सेवक इश्तेवांव लोबातो. पुढे कोइंब्रात मोठी सभा भरवून बार्सेलुशचा सरदार जुआंव अफोन्सो याच्याकरवी हे सर्वांना ऐकवण्यात आले आणि नात्याचा अडथळा दूर करण्यासाठी पोप जॉन बाविसावा याचे एक जुने आज्ञापत्र वाचून दाखवण्यात आले. ते आज्ञापत्र १३२५ चे, म्हणजे पेद्रो सुमारे पाच वर्षांचा असतानाचे होते. युवराजाला नात्यातल्या राजकन्येशी लग्न करता यावे, या हेतूने घेतलेली ती सर्वसाधारण सवलत इनेसच्या प्रकरणाला लागू करण्यात आली.

आणि नेमके येथेच घोडे पेंड खाते. लग्नाची तारीख कोणती, असे विचारले तेव्हा राजाला दिवस आठवेना, महिनाही आठवेना. लग्न लावणाऱ्या बिशपलाही आठवेना. लोबातोला एवढे वाटत होते की तो जानेवारीचा पहिला दिवस असावा. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी मान डोलावली, पण काहींना ते पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे लोपिशने सविस्तर दिले आहे. ज्या लग्नापायी एवढे रामायण घडले त्याचा दिवस तिघांच्याही स्मरणातून कसा जातो? त्यातून तो वर्षाचा पहिलाच दिवस असेल तर तो विसरावा तरी कसा? बापाच्या धाकाने राजा गप्प राहिला म्हणावे, तर बाप जाऊन तीन वर्षे झाली. एवढा काळ त्याचे तोंड कोणी धरले होते?

हे प्रश्न बिनतोड आहेत, पण ते विचारणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. लोपिशने हे लिहिले ते घटनेनंतर सुमारे सत्तर-ऐंशी वर्षांनी, ज्या घराण्याच्या पदरी तो होता त्या घराण्याचा गादीवरचा हक्क इनेसचे लग्न झालेच नव्हते या गृहीतकावर उभा असताना. तरीही मला लोपिशपेक्षा पेद्रोवरच अधिक संशय येतो. खोटी साक्ष पढवायचीच तर तारीख पढवणे सर्वांत सोपे होते, म्हणून त्यांचे विसरणे हेच खरेपणाचे लक्षण आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो मोहकही आहे. पण राजा ज्या गोष्टीची शपथ घेत होता तिच्यावर त्याच्या दोन मुलांचा राज्याचा हक्क अवलंबून होता, आणि अशा माणसाने आपली बाजू एवढी ढिसाळ मांडावी, हे त्याच्या बाजूने जात नाही. ब्रागांसात दोघांनी एकमेकांना काही वचन दिलेही असेल. ते चर्चच्या कसोटीला उतरणारे लग्न होते का, हा वेगळा प्रश्न आहे. पेद्रोने हे लग्न मान्य करण्याची विनंती पोप इनोसंट सहावा याच्याकडे केली आणि पोपने ती नाकारली.

कागदावर जे साधले नाही ते पेद्रोने आल्कोबासाच्या मठात साधून घेतले. बाराव्या शतकात स्थापन झालेल्या या मठात राजघराण्याच्या समाध्या होत्या. तेथे त्याने पांढऱ्या चुनखडीच्या दगडात इनेसची समाधी कोरून घेतली आणि तिच्या आडव्या मूर्तीच्या डोक्यावर मुकुट घडवला. नंतर तिचे शव सांता क्लारा मठातून काढून समारंभपूर्वक आल्कोबासाला नेण्यात आले. उंची पालखीत शव, मागे सरदार, त्यांच्या स्त्रिया, धर्मगुरू, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना हातात मेणबत्त्या घेतलेली माणसे. अंतर सतरा लेग्वांचे, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर. आणि शव त्या सबंध वाटेवर पेटत्या मेणबत्त्यांच्या मधून चालले होते, असे लोपिश लिहितो. शव उकरून काढले, ते राणीच्या इतमामाने नेले आणि दगडी मूर्तीला मुकुट घातला, या तीन गोष्टी खऱ्या आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश नाटककारांनी त्या तिन्हींची सांगड घालून प्रेताचा राज्याभिषेक रचला.

पेद्रोने स्वतःचीही समाधी तेथेच करवून घेतली. या दोन समाध्यांवरचे काम गॉथिक शिल्पकलेतले अव्वल दर्जाचे मानले जाते, आणि छायाचित्रांतून निरखले तरी त्यांच्यापुढून पटकन हलवत नाही. इनेसची समाधी मानवी तोंडाच्या श्वापदांनी पाठीवर तोलली आहे. ते तिचे मारेकरी आहेत असे सांगण्याची प्रथा आहे. तिच्या मूर्तीभोवती सहा देवदूत असून त्यांनी तिचे डोके आणि वस्त्र हलकेच उचलून धरले आहे. पायथ्याकडच्या बाजूवर अंतिम न्यायाचा दिवस कोरलेला आहे: पुण्यवान वर चढत आहेत आणि पापी एका अक्राळविक्राळ जबड्यात कोसळत आहेत. पेद्रोच्या समाधीवर जिवंतपणी कातडे सोलल्या गेलेल्या संत बार्थोलोम्यूचे चरित्र आहे आणि उशाला एक मोठे चाक आहे. त्या चाकात इवल्या इवल्या मूर्तींमधून दैवाचे वर नेणे आणि खाली आणणे दाखवले आहे, आणि त्यांतील काही दृश्ये या दोघांच्या आयुष्यातली असावीत असे अभ्यासक मानतात. बाजूला कोरलेल्या अक्षरांचे वाचन बहुतेक जण 'जगाच्या अंतापर्यंत' असे करतात.

न्यायाच्या दिवशी उठताच एकमेकांचे तोंड दिसावे म्हणून पेद्रोने समाध्या पायाला पाय लावून ठेवायला सांगितल्या, ही गोष्टसुद्धा नंतरची आहे. मुळात त्या शेजारी शेजारी होत्या. समोरासमोरची मांडणी पुढील शतकांत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच सैनिकांनी दोन्ही समाध्या फोडून आत हात घातला आणि नक्षीचे मोठे नुकसान केले. ते घाव आजही दिसतात.

एकनिष्ठ प्रेमी म्हणून पेद्रोकडे पाहणाऱ्यांनी त्याच्या आयुष्यातल्या आणखी एका नावाची दखल घ्यायला हवी. १३५७ मध्ये, म्हणजे इनेसच्या वधाला तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, तेरेझा लोरेंसो नावाच्या स्त्रीपासून त्याला मुलगा झाला आणि त्याचे नावही जुआंवच ठेवले गेले. एकूणच हा राजा एका साच्यात बसणारा नव्हता. तो बोलताना फार अडखळे. व्यभिचाराचा त्याला असा काही तिटकारा होता की त्यासाठी तो अमानुष शिक्षा देई, आणि स्वतःच्या पूर्वायुष्याची त्याला त्या वेळी आठवण होत असे असे दिसत नाही. एका रात्री लिस्बनच्या राजवाड्यात झोप येईना तेव्हा त्याने तुतारीवाल्यांना उठवले, मशाली पेटवल्या आणि तो नाचत रस्त्यावर उतरला. लोक घाबरून बाहेर आले, राजाला नाचताना पाहून त्यांच्यात मिसळले, आणि पुष्कळ वेळाने स्वारी नाचतच परत फिरली. १८ जानेवारी १३६७ रोजी तो वारला आणि त्याला इनेसजवळ ठेवण्यात आले.

त्याची शपथ खऱ्या अर्थाने कसाला लागली ती आणखी अठरा वर्षांनी. कॉन्स्तान्साचा मुलगा फेर्नांदो १३८३ मध्ये वारला, त्याच्या एकुलत्या मुलीचे लग्न कास्तीलच्या राजाशी झालेले होते, आणि पोर्तुगाल कास्तीलच्या घशात जाण्याची वेळ आली. १३८५ मध्ये कोइंब्रात प्रतिनिधी सभा भरली. इनेसची दोन्ही मुले, जुआंव आणि दिनिश, हयात होती; लग्न खरे धरले तर गादी त्यांची होती. तेथे जुआंव दश रेग्राश हा कायदेपंडित उभा राहिला आणि त्याने ती शपथ, ते विसरलेले दिवस, ते नाते आणि पोपचा नकार या सगळ्यांचा आधार घेऊन इनेसची मुले अनौरस ठरवली. सगळेच अनौरस असतील तर राजा निवडण्याचा अधिकार सभेचा, आणि सभेने ६ एप्रिलला निवडले ते तेरेझा लोरेंसोच्या मुलाला. त्याच वर्षी १४ ऑगस्टला आल्जुबारोताच्या लढाईत त्याने कास्तीलच्या फौजेला धूळ चारली आणि आव्हिश घराण्याचा पाया घातला. ज्या राजांच्या काळात पोर्तुगीज जहाजे आफ्रिकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याला लागली, ते याच घराण्यातले. म्हणजे ब्रागांसातल्या त्या लग्नाची तारीख कोणाला सांगता आली असती, तर ते जहाजांवरचे निशाण कोणत्या राजाचे असते हे सांगणे कठीण आहे.

इनेसच्या थोरल्या मुलाचे, जुआंवचे, पुढे जे झाले ते वाचताना अंगावर काटा येतो. फेर्नांदोची राणी लेओनोर तेलिश हिने राजकन्येशी लग्न लावून देण्याचे आमिष दाखवून त्याला भरीला घातले आणि त्याने व्यभिचाराच्या संशयावरून आपल्या पत्नीचा, म्हणजे राणीच्याच सख्ख्या बहिणीचा, खून केला. तोही कोइंब्रातच. गादी तर मिळाली नाहीच, आणि पुढे तो कास्तीलमध्ये कैदेत पडला. दिनिशनेही कास्तीलचा रस्ता धरला.

बियात्रिशचे मात्र वेगळे झाले. तिचे लग्न लेओनोर द गुझ्मानचा मुलगा सांचो याच्याशी झाले. ठार मारल्या गेलेल्या दोन राजप्रेयसींची मुले अशी एकत्र आली. त्यांची मुलगी आरागॉनची राणी झाली, आणि त्या राणीची मुलगी लेओनोर हिचे लग्न १४२८ मध्ये आव्हिश घराण्याचा युवराज दुआर्ते याच्याशी लागले. १४३३ मध्ये दुआर्ते राजा झाला आणि इनेसची पणती पोर्तुगालची राणी झाली, तीही कोणाला शंका घेता येणार नाही अशा लग्नाने. गोवा १५१० मध्ये ज्याच्या नावाने घेतले गेले तो राजा मानुएल याच लेओनोरचा नातू. आणि १४३४ मध्ये राज्याच्या जुन्या राजांची इतिवृत्ते लिहिण्याचे काम पगार ठरवून फेर्नांव लोपिशवर सोपवले, तेही याच दुआर्तेने. आपल्या राणीच्या पणजीचे लग्न खरे होते का, यावर लोपिशने जी पाने लिहिली ती याच नेमणुकीतली.